मध्यंतरापर्यंत बरा होता

मराठी माणसाची सिनेमाची समीक्षा तीन शब्दांत आटोपते : मध्यंतरापर्यंत बरा होता. सिनेमा कुठलाही असो, परदेशात बक्षीस मिळवून आलेला असो नाहीतर तालुक्याच्या थिएटरातून दुसऱ्या आठवड्यात उतरलेला असो, बाहेर पडणाऱ्याला आत शिरणाऱ्याने "कसा आहे?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "तसा बरा आहे हो, मध्यंतरापर्यंत. नंतर पार पाणी ओतलंय."

सिनेमावाले याचं खापर पटकथेवर फोडतात. पूर्वार्ध लिहायला लेखकाला सहा महिने मिळतात, उत्तरार्ध तो शूटिंगच्या बसमध्ये लिहितो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. मध्यंतरापर्यंत सिनेमा बरा असतो, कारण पुढे मध्यंतर असतं. नंतर पुढे काय असतं? पार्किंग.

आपल्याकडच्या बहुतेक सुखांची गत हीच आहे. सिनेमा, नाटक, प्रवास, कादंबरी, कशाचंच सुख आपल्याला सलग झेपत नाही. मधे कुठेतरी थांबायचं, पाय मोकळे करायचे, काहीतरी तळलेलं खायचं आणि आतापर्यंत काय झालं त्यावर मत द्यायचं, हे जमलं तरच ते सुख अंगी लागतं. शाळेत शिकलेला त्रैराशिकाचा नियम आज दहा जणांना विचारा, नऊ जण विषय बदलतील. मधली सुट्टी मात्र कोणी विसरलेलं नाही.

पूर्वी सिनेमा सुरू होताना पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट झळकायचं. त्यावर सिनेमाच्या रिळांची संख्या असायची आणि ती दिसताक्षणी स्टॉलमधून एकमुखी गजर व्हायचा, "सोळा रीळ!" हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटं चालतं, हा हिशोब ज्यांचं पाढ्यांशी आयुष्यभर वाकडं होतं त्यांनाही तोंडपाठ होता. सोळा रीळ म्हणजे जवळजवळ तीन तास, म्हणजे पैसे वसूल. बारा रीळ दिसली की चुकचुकाट. आणि हे सगळं चालू असताना प्रत्येकाच्या डोक्यात एक भागाकार : आठव्या रिळाला सामोसा.

राज कपूर मोठा का, याचं उत्तर जाणकार वेगळं देतील. माझं उत्तर साधं आहे. त्याने 'संगम'ला (१९६४) दोन मध्यंतरं दिली आणि 'मेरा नाम जोकर'ला (१९७०) पुन्हा दोन. एका तिकिटात दोन मध्यंतरं म्हणजे यजमानाने पंगतीत स्वतः येऊन दुसऱ्यांदा जिलबी वाढण्यातला प्रकार. 'जोकर' आपटला, राज कपूर कर्जात गेला हे खरं. लोकांनी त्याच्या लांबीला नावं ठेवली, मध्यंतरांना कोणी ठेवली नाहीत.

दुसऱ्या टोकाला किरण रावचा 'धोबी घाट' (२०११). पावणेदोन तासांच्या आतला सिनेमा, आणि त्याला मध्यंतरच नव्हतं. सिनेमा चांगला होता. मुंबईचा पाऊस त्यात असा आहे की बघताना चप्पल ओली झाल्यासारखी वाटते. पण बाहेर पडल्यावर जिन्यात माझ्या पुढच्या गृहस्थांना कोणीतरी फोनवर विचारलं असावं, कसा आहे म्हणून. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आता कसं सांगणार? मध्यंतरच नव्हतं."

इंग्रजी सिनेमाला आपल्याकडे मध्यंतर थिएटरवाले आपल्या पदरचं देतात. तिकडच्या लेखकाने ते लिहिलेलं नसतं, त्यामुळे तोडायचं कुठे हे मशीनवर बसलेला माणूस ठरवतो, आणि त्याची जेवायची वेळ झालेली असते. नायक विसाव्या मजल्याच्या कठड्याला लटकलेला, एकेक बोट सुटतंय, ओरडायला तो तोंड उघडतो आणि दिवे लागतात. आपण बाहेर जाऊन, रांगेत उभं राहून, कोणाच्या तरी मुलाची दहावी कशी गेली ते ऐकून परत येतो. तो बिचारा तिथेच लटकलेला असतो. खरं तर मोठ्या सिनेमाला मध्यंतर ठेवायची चाल त्यांच्याकडेही होती. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ला (१९६२) ते होतं. इतक्या वाळवंटातून एका दमात माणसं नेणं बरं नाही, एवढी माणुसकी त्या काळी शाबूत होती. पुढे त्यांनी ती सोडली. आपण नाही सोडली.

मध्यंतरात खरं काम चालतं ते न्यायदानाचं. रहस्यपट असेल तर आमच्या घरचा खुनी मध्यंतरात ठरतो. बायको सामोशाचा कोपरा मोडता मोडता सांगते, "तो डॉक्टर. बघ तू." पुरावा विचारायचा नसतो. उत्तरार्ध आम्ही निकाल तिचा बरोबर येतो की दिग्दर्शकाचा, हे बघायला बसतो. दिग्दर्शकाने डॉक्टर सोडून दुसरा कोणी खुनी काढला तर ती हार मानत नाही. सिनेमा मध्यंतरानंतर घसरला, एवढंच म्हणते.

मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या किमतीवर आता विनोद करायचा नाही, असं मी ठरवलं आहे. तो विषय विनोदाच्या पलीकडे गेला. मला तिथली वेगळीच गोष्ट खटकते. आता फोनवरून मागवलं की खुर्चीत आणून देतात. म्हणजे अंधारात एक मुलगा वाकून वाकून येणार, चुकीच्या माणसाच्या मांडीवर नाचोज ठेवणार, आणि तुम्ही उठायचं कारणच संपलं. मग दिवे लागतात तेव्हा अख्खं थिएटर खुर्चीत बसून आपापल्या फोनकडे बघत असतं आणि पडद्यावर घरांच्या जाहिराती. याला मध्यंतर म्हणत नाहीत. ही बँकेतली प्रतीक्षा झाली.

नाटकवाल्यांचा मात्र या बाबतीत कोणी हात धरू शकणार नाही. मराठी संगीत नाटकाचा मुहूर्तच मुळी मध्यंतराने झाला आहे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग केला. नाटक सात अंकी. त्या दिवशी केले किती? चार. आणि चौथ्या अंकात काय आहे? शकुंतला कण्वमुनींचा निरोप घेऊन सासरी निघते. पडदा. उरलेले अंक रंगभूमीवर यायला पुढचं वर्ष उजाडलं. म्हणजे पोर घराबाहेर पडली, ती पोचली का, नवऱ्याने ओळख दाखवली का, अंगठी हातात आहे ना, काही पत्ता नाही, आणि सगळे पुणेकर वर्षभर मध्यंतरात! कथा कालिदासाची, सगळ्यांना ठाऊक, हे मान्य. पण शेजारच्या मुलीची सासरची हकिगतही आपल्याला आधी ठाऊक असतेच, म्हणून कोणी विचारायचं थांबतं का?

'संगीत सौभद्र'चंही तेच. १८८२ मध्ये तीन अंक, आणि पाचही अंकांचा प्रयोग १८८३ मध्ये. हल्ली वेबसिरीजवाल्यांना वाटतं की अर्ध्यावर तोडून "पुढच्या सीझनमध्ये बघा" सांगायची युक्ती त्यांनी काढली. अण्णासाहेबांनी ती काढली तेव्हा वीजसुद्धा आली नव्हती.

पुढे वन्समोअर घेत घेत नाटकं पहाटेपर्यंत रंगायची. मग तीन अंक झाले, आता दोन. नाटक आकसत आकसत अडीच तासांवर आलं, पण त्याच्या मधोमध बटाटेवडा तग धरून आहे. पुण्याचं बालगंधर्व घ्या, दादरचं शिवाजी मंदिर घ्या, वड्याचं नाव नाटकाच्या जाहिरातीत छापत नाहीत एवढंच. पहिला अंक संपायच्या सुमाराला बाजूच्या दारातून तळणीचा वास आत शिरतो. रंगमंचावर नायिका वडिलांना सांगत असते, "बाबा, आज मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय..." आणि कडेच्या खुर्च्यांतून फटक् फटक् आवाज येऊ लागतात. स्प्रिंगच्या खुर्च्या मिटल्याचे. हे मुरलेले प्रेक्षक. अंक संपायच्या अर्धं मिनिट आधी निघालं तर रांगेत पहिल्या दहात नंबर लागतो, हे त्यांना अनुभवाने माहीत असतं. नायिका काय सांगणार होती, ते रांगेत मागाहून आलेल्याकडून कळतंच.

पहिली घंटा होते तिकडे कोणी लक्ष देत नाही. दुसरीला उरलेला अर्धा वडा एका घासात जातो. तिसरीला पुरुषमंडळी आत पळतात, आणि बायका? बायका अजून स्वच्छतागृहाच्या रांगेत असतात. हा काही विनोद नाही. पंधरा मिनिटांचं मध्यंतर, आत पाचशे बायका आणि दारं चार, त्यातल्या एकाला कडी नाही. दुसरा अंक सुरू झाल्यावर दहा मिनिटं त्या अंधारात गुडघे चुकवत, "सॉरी हं, सॉरी" करत आत येत असतात, आणि पुरुष मान वाकडी करून त्यांच्याकडे त्रासिकपणे बघतात. मराठी स्त्रीने दुसऱ्या अंकाची पहिली दहा मिनिटं कधी पाहिलेली नाहीत. त्यात बरेच खुलासे होऊन गेलेले असतात.

प्रवासात आलो की मध्यंतराचे प्रकार वाढतात. पहिली एस.टी. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, आणि महाराष्ट्राच्या आयुष्यात एक वाक्य आलं : "गाडी दहा मिनिटं थांबेल!" कंडक्टर ते पत्र्यावर थाप मारून सांगतो. हे दहा मिनिटांचं एकक घड्याळात सापडत नाही. ते ड्रायव्हरच्या जेवणावर अवलंबून असतं. नवखा माणूस हॉटेलात मिसळ मागवतो आणि खिडकीतून गाडीकडे बघत खातो. रश्शाने जीभ पोळते, पाव घशात अडकतो, गाडी जागची हललेली नसते. जुना प्रवासी गाडीकडे ढुंकूनही बघत नाही. तो ड्रायव्हरच्या टेबलासमोरची जागा धरतो. ड्रायव्हरने दुसरी भाकरी घेतली? मग आपणही चहा सांगावा. ड्रायव्हर ताकाचा ग्लास तोंडाला लावतोय? उठा. तो बडीशेप तळहातावर घेऊन चोळायला लागला म्हणजे पायरीवर पाय पाहिजे.

त्या हॉटेलातला चहा चांगला असतो, असं मी म्हणणार नाही. तो चांगला नसतोच. ज्या गिऱ्हाइकाला परत येण्यावाचून इलाज नाही त्याच्यासाठी चांगला चहा करायला कोणी सांगितलंय? पण पहाटे साडेचारला, घाट उतरून आल्यावर, डोळ्यांत झोप आणि कानांत इंजिनाची घरघर असताना, तो गोडमिट्ट चहा हातात आला की शेजारच्या सीटवरच्या माणसाशी बोलावंसं वाटतं. रात्रभर त्याचं डोकं आपल्या खांद्यावर होतं. ओळख व्हायला हवीच.

मुंबई–पुणे रेल्वेने जाणाऱ्यांचं मध्यंतर कर्जतला. त्यामागे तळणीचं नव्हे, चढाचं कारण आहे. बोरघाटाची चढण सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आगगाडीच्या दृष्टीने ही भिंतच. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलायला आणखी इंजिनं जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. इंजिनं जोडायला काही मिनिटं लागतात, तेवढ्या मिनिटांत अख्खी गाडी वडापाव खाते. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी ब्रिटिश इंजिनिअरांनी सह्याद्रीचा चढ मोजला तेव्हा त्यातून महाराष्ट्राच्या एका खाद्यपरंपरेची सोय होईल, हे त्यांच्या नकाशात नव्हतं.

आता २०२३ पासून वंदे भारत सोलापूरला जाते. तिच्यात एवढा दम आहे की तिला मागून ढकलणारं कोणी लागत नाही, त्यामुळे कर्जतला थांबायचं कारण नाही. फलाटावरचा वडेवाला आणि आतला प्रवासी क्षणभर एकमेकांना दिसतात, काच बंद. आत जेवण देतात, स्वच्छ असतं, वेळेवर असतं. तक्रारीला जागा नाही, आणि तक्रारीला जागाच नसेल तर मराठी माणसाने प्रवासात बोलायचं काय?

पण मध्यंतरांचं माहेर म्हणाल तर कोकण रेल्वे. १९९८ मध्ये ती रोह्यापासून मंगळुरूच्या अलीकडे ठोकूरपर्यंत सलग धावू लागली. ७४० किलोमीटरच्या आसपास लांबी, आणि रोहा–वीर तुकडा सोडला तर बहुतेक सगळा मार्ग एकेरी. समोरून किंवा मागून गाडी आली की एकीने बाजूला उभं राहायचं. बाजूला कोणी राहायचं, याबद्दल रेल्वेत कधी मतभेद होत नाहीत. पॅसेंजरने.

या क्रॉसिंगमुळे मी जी स्टेशनं नीट पाहिली आहेत, त्यांचं तिकीट मी कधी काढलं नसतं. विन्हेरे, दिवाणखवटी, आडवली, विलवडे. एकदा मे महिन्यात निवसरला आमची गाडी अशीच बाजूला घेतली. इंजिन गप्प झालं आणि डब्यातले सगळे पुरुष एखादी सूचना मिळाल्यासारखे खाली उतरून एकाच दिशेला बघू लागले. सिग्नलकडे. सिग्नल लाल होता आणि बघितल्याने तो हिरवा होत नाही हे माहीत असूनही कोणी नजर हलवेना. प्रत्येक क्रॉसिंगला एक जाणकार असतो. आमचे जाणकार बनियनवर होते, खांद्यावर पंचा.

"कोणाला काढतायत?" एकाने विचारलं.

"जनशताब्दी," जाणकार म्हणाले.

"जनशताब्दी गेली की मघाशी. मी बघितली."

"ती वेगळी."

"वेगळी कशी असेल? एकच तर आहे."

जाणकारांनी पंचा एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. "मग मालगाडी असेल," ते म्हणाले, आणि त्यांच्या अधिकाराला जराही धक्का लागला नाही.

नळावर एकजण दात घासत होता. सकाळचे अकरा वाजले होते, पण पाणी चांगलं आहे असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. कुंपणाच्या फटीतून एक म्हातारी आत आली, डोक्यावर टोपली, टोपलीत करवंदं आणि जांभळं. तिने फलाटाच्या कडेला पानांवर वाटे मांडले. "गोड हाईत का?" कोणीतरी तिच्या बोलीत विचारायचा प्रयत्न केला. तिने त्याच्याकडे नीट बघून शुद्ध पुस्तकी मराठीत सांगितलं, "आंबट आहेत. पण तुम्ही घेणारच." सगळ्यांनी घेतली. खरंच आंबट होती. बोटं, ओठ, एका मुलाचा नवाकोरा शर्ट, सगळं जांभळं झालं, आणि त्या मुलाच्या आईने शर्टावरून सुरू केलेलं बोलणं समोरच्या बाईंच्या भाचीच्या लग्नापर्यंत गेलं. पत्रिका फोनवर पाठवायचं ठरलं. रेंज नव्हती म्हणून नंबर तिकिटाच्या मागे लिहून घेतला.

मग लांबून भोंगा आला. सगळे दोन पावलं मागे सरले. गाडी धडाडत गेली, धूळ, वारा, बंद काळ्या काचा, वीस सेकंदांत खेळ खलास. ती जनशताब्दी नव्हती आणि मालगाडीही नव्हती. पण ती गेल्यावर फलाटावरच्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर, आपणच तिला वाट काढून दिल्याचं समाधान होतं. जाणकार म्हणाले, "आता आपली सुटेल." दहा मिनिटांनी सुटली. दात घासणारा फेसाळल्या तोंडाने पळत आला आणि त्याला वर ओढून घ्यायला तीन डबे धावले.

त्या एक्स्प्रेसमधली माणसं आमच्या बरीच आधी सावंतवाडीला पोचली असणार. तिथे त्यांनी केलं काय? स्टेशन मळगावात, गाव लांब, तेव्हा रिक्षावाल्याशी हुज्जत घातली असेल. ती आम्हीही घातली. थोडी उशिरा घातली, एवढंच.

पुस्तकांचं काय, असं कोणी विचारील. पुस्तकं तर पूर्वी मध्यंतरातच लिहिली जात. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून तुकड्यातुकड्याने आली. तिच्यातल्या यमूचे हाल एका आठवड्याला एका हप्त्याएवढेच. मधले सहा दिवस वाचकाने हळहळायचं, घरात वाचून दाखवायचं, सासूने ऐकून न ऐकल्यासारखं करायचं. आज तीच कादंबरी हाताला एकत्र लागली तर दोन दिवसांत संपते आणि सासूला विचार करायला वेळच मिळत नाही.

दिवाळी अंकांनी ही परंपरा अंकाच्या पोटातच आणली. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. पुढे केव्हातरी कोणा कल्पक संपादकाने कथा ४६व्या पानावर तोडून खाली लिहिलं : पान १८४ पाहा. तुम्ही निघता. वाटेत मसाल्यांच्या जाहिराती, सहकारी बँकेच्या शुभेच्छा, सगळ्या संचालकांचे फोटो, त्यातला एक ओळखीचा निघतो, त्याचे केस गेलेले बघून जरा बरं वाटतं, पुढे वार्षिक राशिभविष्य. तिथे मुक्काम. आपली रास, बायकोची रास, साहेबांची रास. साहेबांना मार्चनंतर स्थलांतर योग आहे हे वाचल्यावर १८४ पानावर काय होतं ते कोणाला आठवतं? वाचनालयाच्या दिवाळी अंक योजनेत नाव घातलेल्यांना तर अंक होळीपर्यंत आळीपाळीने मिळत राहतात. एक कथा नोव्हेंबरात अर्धी वाचावी, उरलेली दुसऱ्याकडून अंक परत येईल तेव्हा फेब्रुवारीत, तोवर नायिकेने घ्यायचा तो निर्णय घेतलेला असतो.

रहस्यकथांना वाचनालयात निराळंच भोगावं लागतं. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यांचे शेवट फोडणारे वाचक त्याहून अधिक झाले असावेत. पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहिलेलं असतं : खून मुनिमाने केला. त्याखाली दुसऱ्या अक्षरात : खोटं आहे, वाचा. त्याखाली तिसऱ्या अक्षरात : पान ११२ ते १२० नाहीत, ग्रंथपालांना सांगितले आहे. ग्रंथपालांना पंचवीस वर्षं सांगत असतील. तेवढी पानं नसलेली एक कथा मी वाचली आहे. मुनीम की पुतण्या, यावर आमच्या घरी अजून दोन तट आहेत. पुस्तक पूर्ण मिळालं असतं तर विषय त्याच रात्री संपला असता.

माझ्या मेहुण्याला यातलं काही पटत नाही. तो वेबसिरीज बघतो, आणि बसला की संपवूनच उठतो. "दाजी, काल आठ भाग, एका रात्रीत," असं तो मला गड सर केल्याच्या आवाजात सांगतो.

"काय होतं त्यात?"

"एक पोलीस असतो."

"बरं."

"त्याच्या बायकोचा खून होतो. की बहिणीचा? नाही, बहिणीचा त्याच्या आधीच्या सिरीजमध्ये."

तिथे एक भाग संपला की पाच सेकंदांचा काटा सुरू होतो आणि पुढचा आपोआप चालू. पाच सेकंदांत माणूस काय करणार? चष्मा पुसू शकत नाही. फार वेळ झाला की मात्र पडद्यावर प्रश्न येतो, अजून बघताय का? रात्री अडीचला हा प्रश्न त्याला पूर्वी फक्त त्याची आई विचारायची, तीही वेगळ्या शब्दांत.

कोणी म्हणेल, हल्ली मधे थांबणं उलट वाढलंय, फोन कोणाला सलग काही करू देतो? खरं आहे. पण ते व्यत्यय. व्यत्यय वाढले आणि मध्यंतरं कमी झाली, हीच माझी तक्रार आहे. फोन वाजला की मी एकटा थांबतो, शेजारचा माझ्यावर वैतागतो, आणि दोघांचाही सिनेमा जातो. मध्यंतरात सगळे एकाच वेळी थांबतात, म्हणून शेजारच्याला काहीतरी विचारता येतं. वीसेक वर्षांपूर्वी भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात यायचं, तेव्हा आमच्या गल्लीत वीज गेली की सगळी माणसं ओट्यावर यायची. कोणाच्या घरी काय शिजलंय, हे अंधारात वासावरून ओळखायचा खेळ चालायचा. अर्थात हे कौतुक शहरातल्या माणसाने शहरातच करावं. ज्या शेतकऱ्याला पिकाला पाणी द्यायला रात्री दोनला वीज मिळायची, त्याला यात गंमत दिसणार नाही, आणि दिसूही नये.

दिवे घालवा, गाड्या उशिरा सोडा, पुस्तकांची पानं फाडा, असं मी म्हणत नाही. वंदे भारत वेळेवर धावावी, कोकणातला मार्ग दुहेरी व्हावा, मेहुण्याने सिरीज बघाव्या. माझी मागणी एवढीशीच आहे आणि ती नाट्यगृहांच्या नूतनीकरणाला निघालेल्या तमाम महापालिकांकडे आहे. झुंबरं नकोत, दर्शनी भागाला काच नको, खुर्च्यांचा रंग आहे तोच राहू द्या. मध्यंतर वीस मिनिटांचं करा, बायकांची स्वच्छतागृहं दुप्पट करा आणि सगळ्या दारांना कड्या लावा. वडेवाल्याला मात्र हात लावू नका.